समोरच्या सीटची पाठ : विमानात डोकं वाचवण्याचा इतिहास

आजचा भाग सुरू होतो माझ्या आईपासून.

गेल्या मे महिन्यात आई पहिल्यांदा विमानात बसली. पुणे ते नागपूर, मावसभावाचं लग्न. खिडकी अर्थातच तिला दिली, मधली सीट मला. थोड्या वेळानं हवाई सुंदरी आली आणि नेहमीचं सांगून गेली: टेबल मिटवा, सीटची पाठ सरळ करा, पट्टा घट्ट करा. आई म्हणजे तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. कारण कळल्याशिवाय ती काही करत नाही. मला म्हणाली, "अगं, विमान पडलं तर टेबल मिटवलं काय नि उघडं ठेवलं काय, फरक काय पडणार आहे?" पलीकडचे काका हसले. मीही हसले. मग तिनं समोरच्या सीटच्या पाठीवर बोटांनी टकटक केलं आणि म्हणाली, "आणि हे बघ, समोर हे एवढं कडक कशाला ठेवलंय? डोकं आपटलं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. लग्न झालं, आम्ही परत आलो, पण ते "डोकं आपटलं तर?" काही डोक्यातून जाईना. म्हणून शोधायला बसले. आणि कळलं, की नेमक्या याच प्रश्नावर माणसांनी जवळजवळ शंभर वर्षं घालवली आहेत. स्वतःची हाडं मोडून घेतलीत, अंडी फोडलीत, मृतदेह उंचावरून टाकलेत आणि एक अख्खं प्रवासी विमान मुद्दाम जमिनीवर आपटलंय. आईच्या प्रश्नाचं उत्तर हाच आजचा भाग.

आधी एक समज बाजूला ठेवूया. "विमान पडलं की सगळं संपलं" असं आपल्याला वाटतं, कारण बातम्यांत तेच अपघात येतात. पण अपघात म्हणजे दरवेळी आकाशातून कोसळणं नसतं. विमान धावपट्टीच्या पुढे घसरत जातं, जोरात टेकतं, चाक मोडतं, धावपट्टीच्या थोडं आधीच जमिनीला लागतं. अशा अपघातांत धक्का मोठा असला तरी माणूस जगू शकतो. मग प्रश्न तीनच उरतात. सीट जागेवर राहिली का? डोकं कशावर आपटलं? आणि आग लागायच्या आत माणूस स्वतः उठून दारापर्यंत गेला का?

यातला तिसरा प्रश्न दुसऱ्यावर अवलंबून आहे. नव्या विमानाच्या मंजुरीसाठी दाखवून द्यावं लागतं, की निम्मीच दारं वापरून सगळे प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात. पण बेशुद्ध माणसाला ९० सेकंद काय आणि ९० मिनिटं काय! हाडं शाबूत, श्वास चालू, पण शुद्ध नाही, म्हणून पट्टा सोडता येत नाही आणि धूर गिळतो. म्हणून विमानात डोक्याला मार लागणं ही नुसती जखम नसते. बाहेर पडायची संधीच जाते.

आता मागे जाऊया. १९१७ साल, पहिलं महायुद्ध. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये कॅनडाच्या रॉयल फ्लाइंग कोअरमधला ह्यू डीहेवन नावाचा एक तरुण विमान चालवायला शिकत होता. सरावात त्याच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी हवेतच टक्कर झाली. तो जमिनीवर कोसळला आणि जगला. पाय मोडले, यकृत आणि स्वादुपिंड फाटलं. महिनोन्‌महिने दवाखान्यात पडून त्यानं विचार केला आणि एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. त्याच्या पोटातल्या जखमा जिथे होत्या, तिथेच त्याच्या पट्ट्याचं मोठं बक्कल होतं. म्हणजे त्याला इजा नुसत्या पडण्यानं झाली नव्हती, आतल्या एका वस्तूनं झाली होती.

हे त्यानं लोकांना सांगितलं तर कोणी ऐकेना. वाचलास ना, नशीब समज, एवढंच उत्तर. तेव्हा सगळा भर अपघात होऊ नये यावर होता. झालाच तर माणूस कसा वाचेल, हा प्रश्न विचारणं लोकांना अपशकुनासारखं वाटायचं. आपल्याकडे नाही का, मृत्युपत्राचा विषय काढला की आजी म्हणते, "असलं अभद्र बोलू नये."

डीहेवन पुढे संशोधक झाला, पैसे कमावले आणि मग पुन्हा या प्रश्नाकडे वळला. घरच्या स्वयंपाकघरात रबराच्या थरावर अंडी टाकून बघायला लागला. उंच इमारतींवरून पडूनही जगलेल्या माणसांच्या बातम्या गोळा करायला लागला. १९४२ साली त्यानं पन्नास ते दीडशे फुटांवरून पडून वाचलेल्यांवर निबंध छापला. ती माणसं वाचली, कारण ज्यावर पडली ती गोष्ट थोडी दबली होती, वाकली होती. थांबायला काही इंच जास्त मिळाले होते. त्याच सुमाराला कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याचं अपघात-इजा संशोधन सुरू झालं.

त्याचा मुद्दा आपल्याला समजायला सोपा आहे, कारण आपण कोकणातून आंबे मागवतो. हापूसची पेटी पाठवताना आपण काय करतो? पेटी मजबूत घेतो, आत गवत भरतो आणि आंबे हलणार नाहीत असे बसवतो. पेटीत एखादा खिळा आत आलेला नाही ना, तेही बघतो. डीहेवनचं म्हणणं होतं, की माणसाला विमानात बसवणं म्हणजे नाजूक माल बांधणंच आहे. पेटी म्हणजे विमानाचा सांगाडा, गवत म्हणजे सीट, आणि खिळा म्हणजे समोर असलेली प्रत्येक कडक, टोकदार वस्तू.

आता प्रश्न आला, माणूस सहन किती करतो? इथे डॉक्टर जॉन स्टॅप येतात. अमेरिकी हवाई दलात कर्नल. हे मोजायला त्यांनी स्वतःलाच रॉकेटच्या गाडीवर बांधून घेतलं. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोमधल्या हॉलोमन तळावर त्यांची रुळांवरची गाडी ताशी ६३२ मैल, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर गेली, आणि १.४ सेकंदांत थांबली. शरीरावर कमाल धक्का बसला ४६.२ जीचा. एक जी म्हणजे आपलं नेहमीचं वजन. ४६ जी म्हणजे त्या क्षणी तुमचं प्रत्येक किलो ४६ किलोसारखं ओढलं जातं. स्टॅप यांच्या डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं. पण दृष्टी परत आली आणि ते ८९ वर्षांचे होऊन गेले.

यातून एक गोष्ट पक्की झाली. नीट बांधलेलं माणसाचं शरीर कल्पनेपेक्षा खूप जास्त सहन करतं. पण "नीट बांधलेलं" हे लक्षात ठेवा. स्टॅप यांना खांदे, छाती, कंबर असं सगळीकडून आवळलेलं होतं. तुमच्या-माझ्याकडे काय असतं? कमरेवर एक पट्टा, बस्स.

एसटीनं कधी करकचून ब्रेक मारलाय? कंबर सीटवर राहते आणि वरचं अंग पुढे जातं. विमानातही तेच होतं, फक्त कित्येक पटीनं जोरात. कमरेचा पट्टा ओटीपोटाच्या हाडाला धरून ठेवतो, धड चाकूच्या पात्यासारखं मिटतं आणि डोकं मोठा अर्धगोल घेत पुढे येतं. त्या अर्धगोलाच्या वाटेत काय आहे? समोरच्या सीटची पाठ. आईनं टकटक केली, तीच.

ही वाट कागदावर आखली ओक्लाहोमा सिटीतल्या सरकारी विमानवैद्यक प्रयोगशाळेत. जॉन स्वेअरिंजन नावाच्या संशोधकानं १९६० च्या दशकात फक्त कमरेचा पट्टा लावलेला माणूस झटक्यात कुठवर पोचतो, हे मोजलं. मग चेहऱ्याची हाडं किती मार सोसतात ते पाहिलं. १९६६ च्या अहवालात त्यानं त्या वेळच्या विमानांतल्या सीटच चाचणीला घेतल्या आणि विचारलं, यांच्यावर डोकं आदळलं तर काय होईल? तोवर सीटची परीक्षा म्हणजे फक्त तिचे पाय तुटतात का, एवढीच होती. १९५० च्या दशकापासून नियम होता ९ जीचा, तोही स्थिर. म्हणजे सीटला हळूहळू ओढायचं, तेवढं बळ लावल्यावर तुटली नाही की पास. त्या परीक्षेत माणूसच नव्हता, मग डोकं कुठून असणार?

पण डोक्याचा मार मोजायचा कसा? पाय मोडला तर एक्स-रेमध्ये दिसतो. मेंदूला किती धक्का लागला की माणूस बेशुद्ध होतो, हे जिवंत माणसावर तर करून बघता येत नाही. इथे गोष्ट डेट्रॉईटला जाते, वेन स्टेट विद्यापीठात. मेंदूचे शल्यविशारद गुर्जियन आणि इंजिनिअर लिसनर यांनी १९३९ पासून एकत्र काम सुरू केलं होतं. दान मिळालेल्या मृतदेहांची डोकी कडक पृष्ठभागावर टाकायची आणि कवटीला तडा कधी जातो ते मोजायचं. त्यांचा अंदाज असा, की कवटीला तडा जाण्याइतका मार म्हणजे मेंदू हादरण्याइतका मार. त्यांच्या नंतरचे लॉरेन्स पॅट्रिक तर स्वतः शेकडो वेळा चाचणीच्या गाडीवर बसले.

ऐकायला अंगावर काटा येतो, मान्य आहे. पण आपल्याकडेही देहदान करणारी माणसं आहेत. कोणाच्या तरी घरच्यांनी "याचा कोणाला तरी उपयोग होऊ दे" म्हणून दिलेल्या त्या देहांमुळे, आज तुमच्या गाडीत आणि विमानात डोक्यासाठी एक आकडा वापरला जातो. आता तो आकडा समजून घेऊया. आईला इथेच मजा आली.

वेन स्टेटच्या आलेखातून १९६० च्या दशकात एक सूत्र निघालं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला आजचं रूप आलं: हेड इंज्युरी क्रायटेरियन, थोडक्यात एचआयसी. डोक्याला बसलेल्या धक्क्याची जीमधली सरासरी घ्यायची, तिचा अडीचावा घात काढायचा आणि धक्का जितके सेकंद टिकला त्यानं गुणायचं. उत्तर १००० च्या आत हवं.

करून बघूया. सरासरी १०० जी, सेकंदाचा शंभरावा भाग. १०० चा अडीचावा घात म्हणजे एक लाख. एक लाख गुणिले ०.०१ बरोबर १०००. म्हणजे बरोबर सीमेवर. आता समजा सीटची पाठ थोडी दबली आणि तेवढ्याच वेळात धक्का निम्मा झाला, ५० जी. उत्तर येतं साधारण १७७. धक्का निम्मा, पण धोक्याचा आकडा साडेपाच पटींहून जास्त खाली! आणि तेच डोकं ६० जीनं थांबवायचं असेल, तर १००० ला पोचायला सेकंदाच्या शंभराव्या भागाऐवजी जवळजवळ साडेतीनपट जास्त वेळ मिळतो. आईनं वहीत आकडेमोड करून बघितली आणि म्हणाली, "म्हणजे खेळ सगळा थांबायला मिळणाऱ्या वेळाचा आहे." अगदी बरोबर. डीहेवनची अंडी हेच सांगत होती.

आता १ डिसेंबर १९८४. कॅलिफोर्नियातला एडवर्ड्स तळ. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्यानं आणि नासानं मिळून एक जुनं बोईंग ७२० जमिनीवरून रिमोटनं उडवलं आणि सुकलेल्या तळ्याच्या पात्रात मुद्दाम आपटलं. मुख्य हेतू होता आग कमी करणारं खास इंधन तपासणं. पण आत वेगवेगळ्या प्रकारच्या सीट बसवल्या होत्या, त्यांत मोजणी यंत्रं लावलेले पुतळे होते आणि कॅमेरे होते. इंधनाची चाचणी साफ फसली. विमान थोडं तिरकं उतरलं आणि आगीचा प्रचंड लोळ उठला. तो व्हिडिओ तुम्ही कदाचित बघितला असेल. पण खऱ्या विमानात सीट आणि शरीरं कशी वागतात, याची माहिती हाती आली.

अशा सगळ्या कामातून १९८८ साली नियम बदलला. आजही सीटच्या दुनियेत "१६ जी" म्हटलं की हाच नियम. आता सीटला नुसतं ओढायचं नाही. तिच्यावर ७७ किलोचा पुतळा बसवायचा, पट्टा लावायचा आणि सगळं रुळांवरच्या गाडीवर चढवायचं. एका चाचणीत सेकंदाला ४४ फूट वेगाचा बदल द्यायचा, कमाल धक्का १६ जी. ४४ फूट म्हणजे ताशी ४८ किलोमीटर. सिंहगड रोडवर रस्ता मोकळा मिळाला तर तुमची स्कूटर जेवढी पळते, तेवढाच वेग. फरक एवढाच, की इथे धक्का सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत शिखरावर पोचतो. शिवाय ही चाचणी करायच्या आधी सीटखालचे रूळ मुद्दाम पिळायचे, कारण अपघातात विमानाची फरशी सपाट राहत नाही. दुसरी चाचणी खालून वर येणाऱ्या धक्क्याची, १४ जी. त्यात कमरेच्या मणक्यावरचा भार १५०० पौंडांच्या आत, म्हणजे ६८० किलोच्या आत राहायला हवा. आणि पुतळ्याचं डोकं कशावरही आपटलं तरी एचआयसी १००० च्या आत.

हे आल्यावर सीट बनवणाऱ्यांचं काम पूर्ण बदललं. समोरची पाठ नुसती मजबूत असून चालेना. ती योग्य जोरावर पुढे झुकायला हवी, दबायला हवी. पाठीवर टीव्हीचा पडदा बसवला की पुन्हा प्रश्न: त्या पडद्यावर कपाळ आपटलं तर काच फुटेल का, धार निघेल का? सगळ्यात पुढच्या रांगेची डोकेदुखी वेगळीच. तिथे समोर सीट नाही, भिंत आहे, आणि भिंत दबत नाही. मग एक तर सीट भिंतीपासून लांब ठेवायची, म्हणजे डोकं पोचणारच नाही. नाही तर भिंत मऊ करायची. किंवा पट्ट्यातच एअरबॅग बसवायची. काही विमानांत पुढच्या रांगेचा पट्टा जाडजूड दिसतो ना? त्यात बहुतेक एअरबॅग असते.

इथवर ऐकून वाटेल, चला, झालं. पण नाही झालं.

१९८८ चा नियम होता नव्यानं आखल्या जाणाऱ्या विमानांसाठी. जुन्या आराखड्याची विमानं पुढेही तयार होत राहिली आणि त्यांत जुन्या पद्धतीच्या सीट चालत होत्या. सगळ्या विमानांत सीट बदलाव्यात असा प्रस्ताव त्याच वर्षी आला होता. मग खर्च किती, फायदा किती, यावर वाद. वर्षामागून वर्षं गेली. शेवटी २००५ साली अंतिम नियम निघाला आणि त्यात ठरलं, की २७ ऑक्टोबर २००९ पासून जी प्रवासी विमानं बनतील त्यांना १६ जीच्या सीट लागतील. आधीच्या विमानांत काढून बदला, असं नाही. कशानं जीव वाचतो ते कळणं आणि ती वस्तू आपल्या बुडाखाली येणं, यात एकवीस वर्षं गेली.

त्याच काळात एक अपघात झाला, ज्यानं आपल्या हातात असलेली एक गोष्ट बदलली. ८ जानेवारी १९८९ च्या रात्री इंग्लंडमध्ये केगवर्थ गावाजवळ एक बोईंग ७३७-४०० विमान एम-१ महामार्गाच्या बांधावर आदळलं. डाव्या इंजिनात बिघाड झाला होता आणि वैमानिकांनी चुकून चांगलं, उजवं इंजिन बंद केलं होतं. विमानात १२६ जण होते. ४७ गेले, ७९ वाचले. त्यांतले बहुतेक गंभीर जखमी. डोक्याला मार, पाय मोडलेले, कंबर मोडलेली. डोक्यावरचे सामानाचे कप्पे जवळजवळ सगळे खाली आले होते.

ज्या डॉक्टरांनी या लोकांवर उपचार केले, तेच पुढे संशोधनाला बसले. नॉटिंगहॅमचे अस्थिशल्यविशारद अँगस वॉलेस आणि त्यांचे सहकारी. कोण कुठे बसलं होतं, कोण कसं वाकलं होतं, कोणाला कुठे लागलं, असा एकेका माणसाचा हिशोब त्यांनी मांडला. दिसलं असं, की "ब्रेस" म्हणजे पुढे वाकून डोकं टेकवलेल्यांना डोक्याच्या इजा आणि बेशुद्धी कमी. आणि पाय पुढच्या सीटखाली सरळ झेपावले की मोडतात. यावरून वाकायची पद्धत सुधारली: पट्टा खाली आणि घट्ट, डोकं समोरच्या सीटला टेकवलेलं, हात डोक्यावर, पावलं जमिनीवर सपाट आणि गुडघ्यांच्या थोडी मागे.

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो, की ब्रेस म्हणजे माणूस पटकन मरावा म्हणून, किंवा दात शाबूत राहून ओळख पटावी म्हणून शिकवतात. साफ खोटं. कारण एकदम साधं आहे: जिथे आपटायचं तिथे आधीच टेकून बसा. मग डोक्याला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. अर्धगोल सुरू व्हायच्या आधीच संपतो.

आता ती गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचली. चाचणीतला तो ७७ किलोचा पुतळा. तो मधल्या मापाचा अमेरिकी पुरुष आहे. त्याचा मूळ नमुना १९७० च्या दशकात मोटारींसाठी बनला. माझी आई पाच फूट एक इंच. तिचं डोकं त्याच्या डोक्याच्या वाटेनं जाणार नाही. पाठीवर जिथे मऊ केलंय तिथेच ते पोचेल असंही नाही. वर एचआयसी हा आकडा सरळ धक्का मोजतो. डोकं गर्रकन फिरलं तर मेंदूला जी पीळ बसते, ती त्यात येत नाही. आणि ही पीळ घातक असते, हे ऑक्सफर्डच्या होल्बर्न यांनी जिलेटिनचा मेंदू बनवून १९४३ सालीच मांडलं होतं.

आणि मांडीवरचं बाळ? त्याच्यासाठी तर चाचणीच नाही. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला मोठा अपघात झाला. त्या विमानात चार मुलं मांडीवर होती. तेव्हाच्या सूचनेनुसार आयांना सांगितलं गेलं, बाळाला खाली फरशीवर ठेवून धरा. त्यांतलं एक गेलं. ज्या मुख्य हवाई सुंदरीनं, जॅन ब्राऊन यांनी, ही सूचना दिली होती, त्या नंतर वर्षानुवर्षं एकच मागणी करत राहिल्या: प्रत्येक बाळाला स्वतःची सीट द्या. २००५ साली अमेरिकी खात्यानं सक्ती करायला नकार दिला. कारण दिलं, की जास्तीचं तिकीट परवडणार नाही म्हणून लोक मोटारीनं जातील, आणि रस्त्यावर जास्त मुलं मरतील. हिशोब म्हणून तो चुकीचा नसेलही. पण त्या बाईंना तो कधी पटला नाही, आणि मी त्यांच्या जागी असते तर मलाही पटला नसता.

म्हणून मी असं म्हणणार नाही, की "विज्ञानानं सगळं सोडवलंय, निर्धास्त बसा." आणि "सगळी धूळफेक आहे" असंही नाही म्हणणार. १००० हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा नाही, की ९९९ ला सुखरूप आणि १००१ ला संपलं. तो एक करार आहे. इतकं तरी झालंच पाहिजे, असा. आणि करार पुन्हा पुन्हा उघडून विचारावं लागतं, यात कोण आहे आणि कोण राहून गेलंय. डीहेवनला १९१७ साली लोक सांगत होते, वाचलास ना, गप्प बस. तो गप्प बसला नाही, म्हणून आपण आज इथे आहोत.

जाता जाता एकच उदाहरण. ६ जुलै २०१३, सॅन फ्रान्सिस्को. एक बोईंग ७७७ उतरताना समुद्राच्या बांधाला धडकलं, शेपूट तुटली, विमान गरगरा फिरलं आणि नंतर जळालं. आत ३०७ जण होते, ३०४ वाचले. सीट नव्या, १६ जीच्या. गेलेल्या तिघींपैकी दोघी विमानाबाहेर फेकल्या गेल्या, आणि तपासाचा निष्कर्ष होता, की त्यांनी पट्टा लावलेला नसावा. जगातली सगळ्यात भारी सीट सुद्धा न लावलेल्या पट्ट्यापुढे काही करू शकत नाही.

तर आईच्या प्रश्नांची उत्तरं. टेबल का मिटवायचं? कारण धड पुढे मिटताना त्याची कड पोटात आणि बरगड्यांत घुसते, आणि उठून पळताना ते वाटेत येतं. डीहेवनचं बक्कल आठवा. पाठ सरळ का? कारण सीटची परीक्षा त्याच स्थितीत झालेली असते, आणि तुमची पाठ मागे कललेली असली तर मागच्या माणसाच्या डोक्याचं गणित आणि बाहेर पडायची वाट, दोन्ही बिघडतात. पट्टा खाली आणि घट्ट का? कारण जोर ओटीपोटाच्या हाडानं घ्यायचा असतो, पोटानं नाही. आणि समोरचं ते कडक? आई, ते वाटतं तेवढं कडक नाही. कुठे किती वाकायचं ते त्याला शिकवलेलं आहे. फक्त ते शिकवताना समोर तुझं डोकं नव्हतं.

हे सगळं मी तिला रविवारी पोहे खाताना सांगितलं. शेवटच्या वाक्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग त्यांना सांगा की, एक पुतळा पाच फूट एक इंचाचा पण बसवा म्हणावं."

सांगते, आई. आत्ता सांगितलं.

पुढच्या वेळी विमानात बसलात, की समोरच्या खिशातलं ते कार्ड काढा आणि एकदा नीट बघा. एक मिनिट लागतं. त्यातल्या प्रत्येक चित्रामागे कोणीतरी हाडं मोडून घेतली आहेत. हा भाग आवडला तर पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या तुमच्या घरच्या माणसाला पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर पट्टा लावा, आणि हो, स्कूटरवर हेल्मेट घाला. पुणेकरांनो, तुम्हालाच सांगतेय!